दाराच्या बेलचा सूर

माणसाने आभार जरूर मानावेत, पण गाऊन मानू नयेत, अशा मताचा मी झालो आहे. तोंडाने 'आभारी आहे' म्हटलं की दोन शब्दांत सुटका होते. फुलं दिली तर फार तर फुलवाल्याशी वाद होतो. आम्ही गाऊन आभार मानायला गेलो आणि त्यात माझ्या घराची बेल गेली, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांशी असलेला सलोखा गेला, आणि 'म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवतात ते गृहस्थ' अशी माझी जी ख्याती झाली ती आता काही केल्या जात नाही. परवासुद्धा बँकेच्या रांगेत एका आजींनी मला थांबवून स्वतःचा गुडघा दाखवला.

आमचं एक गायनमंडळ आहे. दर बुधवारी संध्याकाळी गावातल्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर आम्ही जमतो. आम्ही म्हणजे औषधाच्या दुकानाचा मालक, पोस्टातल्या दोघी, एक निवृत्त तिकीट तपासनीस, माझी बायको, तिच्या पाठोपाठ मी, आणि अशीच आणखी काही माणसं, ज्यांना घरी कुणी गाऊ देत नाही. यातल्या कुणालाही एकट्याने गायला लावलं तर खोली रिकामी होईल. पण सगळे मिळून गातो तेव्हा लोक बसून राहतात आणि शेवटी टाळ्याही वाजवतात. हा चमत्कार आमचाच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

चमत्कार दोन माणसांचा होता. एक आमच्या बाई. त्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि उरलेला जीव या मंडळात ओतला. बाई स्वतः कधी गात नाहीत. समोर उभ्या राहतात, हात वर करतात, आणि एकेकाच्या डोळ्यांत बघून सगळे आलेत ना याची खात्री करून घेतात. तुम्ही शरीराने आलात आणि मनाने ऑफिसातच राहिलात, तर तेही त्यांना कळतं. मग त्या स्वतः एक श्वास घेतात आणि हवा मात्र आपल्या छातीत शिरते.

दुसरे मास्तर. ते पियानो वाजवतात. दिवसा ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात, म्हणून मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बसून त्यांचा पाय कायम ब्रेकवर असतो. आम्ही गाता गाता पळायला लागलो की पियानोखाली त्यांचा पाय जोरात दाबला जातो, डाव्या हाताचे सूर जड होतात आणि मंडळ ताळ्यावर येतं. गाताना कुणी त्यांच्याकडे बघितलेलं त्यांना खपत नाही. "समोर बघा," एवढंच म्हणतात. गाडीत काय, पियानोवर काय, मास्तरांचा उपदेश एकच.

या दोघांचं आपसात एका बुधवारी पटलं असेल तर शपथ. "मास्तर, धावताय," असं बाईंनी म्हणायचं, आणि "बाई, गाडी तुम्ही चालवताय, मी नुसता शेजारी बसलोय," असं मास्तरांनी म्हणायचं. पण बाईंचा हात खाली यायला आणि मास्तरांची बोटं पट्ट्यांवर पडायला कधी तसूभरही फरक पडला नाही. इतकं जमणारी जोडपी मी लग्नातही पाहिलेली नाहीत.

आता जोडप्यांचा विषय निघालाच आहे, तर सांगून टाकतो. आमची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा घर एकदम मुकं झालं होतं. "दूध आणलं?" "आणलं." एवढ्यावर दिवस निघायचा. मग बायकोने मंडळात नाव घातलं आणि मला ओढत नेलं. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात तिसरी ओळ कुणी चुकवली यावरून तावातावाने भांडणं होतात. भांडायला विषय असणं ही संसारात किती मोठी सोय आहे, हे ज्याच्या घरी शांतता आहे त्यालाच कळेल. ही सोय आम्हाला बाईंनी आणि मास्तरांनी करून दिली. त्यांचं हे ऋण मी डोळ्यांत पाणी आल्याशिवाय सांगू शकत नाही, म्हणून पुढे जातो.

झालं असं, की एका बुधवारी बाईंची बस रखडली. मास्तर म्हणाले, "तोवर गरम तर करू इंजिन." आम्ही गाणं सुरू केलं, आणि काय अंगात आलं होतं कोण जाणे, शेवटपर्यंत न अडखळता म्हटलं. बाई जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. आत आल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, "छान. माझ्याशिवायसुद्धा छान. म्हणजे माझं काम झालं. या वार्षिक कार्यक्रमानंतर मी मंडळ सोडते."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. मास्तरांनी पियानोचं झाकण लावलं. "मग मीही सोडतो," ते म्हणाले. "या वयात दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघून वाजवणं मला जमायचं नाही."

आमच्या तोंडचं पाणी पळालं. हे दोघे गेले तर मंडळ दोन आठवडेही टिकणार नव्हतं, हे तिकीट तपासनिसांनाही कळत होतं, आणि त्यांना एरवी आपण कुठल्या गाण्यात आहोत हेही कळत नाही. खाली रस्त्यावर उभं राहून आमची खलबतं झाली. आपण किती ऋणी आहोत हे बाईंना ठाऊकच नाही, ठाऊक झालं तर त्या राहतील, असं बायको म्हणाली. औषधवाला म्हणाला, "कार्यक्रमाच्या शेवटी त्यांच्यावरच गाणं म्हणू या. गुपचूप बसवायचं. दोघांनाही पत्ता लागू द्यायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचा सूर धरणारा माणूस आणि आमचा ताल धरणारी बाई या दोघांनाच वगळून आपण गाणं बसवणार आहोत, हे त्या उत्साहात कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

समोर उभं राहून हात हलवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या अंगचे गुण ओळखून आलं, असं मला वाटलं. नंतर कळलं, मी रांगेत नसलो तर बाकीच्यांना गायला सोपं जातं, असा विचार त्यामागे होता.

गाणं औषधवाल्यानेच लिहिलं. चालही त्याचीच, दुकानात गिऱ्हाईक नसताना सुचलेली. पहिली ओळ होती, 'हात तुमचा वर गेला, श्वास आमचा थांबला.'

"भाऊजी, हे आभाराचं आहे की शोकसभेचं?" माझ्या बायकोने विचारलं.

त्याने विचार करून 'श्वास आमचा लांबला' असं केलं.

"आता दम्याचं झालं," बायको म्हणाली. औषधवाला दुखावला. पण दम्याला निदान औषध तरी आहे, असं म्हणून त्याने ती ओळ तशीच ठेवली.

मग जागेचा प्रश्न आला. सभागृहाच्या कार्यालयात एक कारकून बसतो. त्याचा स्वभाव वाईट नाही, पण त्याला नियमाच्या बाहेर करमत नाही.

"हॉल कशासाठी पाहिजे?"

"गाण्याच्या सरावासाठी."

"गायनमंडळ ना? मग बाईंची सही आणा."

मी टेबलावर वाकून हळूच म्हणालो, "अहो, बाईंपासूनच लपवायचं आहे."

"लपवा की. आमची काही हरकत नाही. पण तशी बाईंची संमती लागेल."

"त्यांच्यापासून लपवायला त्यांचीच संमती?"

"नियम मी केलेला नाही," तो म्हणाला. मग दया येऊन त्याने सुचवलं, "दुसऱ्या कशासाठी पाहिजे असेल तर नुसती तुमची सही चालेल. वडीलधाऱ्यांसाठी काही करताय का?"

माझ्या तोंडून 'व्यायाम' असा शब्द गेला. का गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मी आयुष्यात व्यायाम केलेला नाही.

पहिल्या गुप्त सरावाला आम्ही जमलो आणि दार उघडून एक धिप्पाड मावशी काखेत चटई घेऊन आत आल्या. मागे आणखी दोघी, चटयांसह. कारकुनाने प्रामाणिकपणे खाली फळ्यावर वर्गाची सूचना लावली होती. या मावशी पूर्वी इस्पितळात परिचारिका होत्या, आणि खोली ताब्यात घ्यायची त्यांची सवय अजून गेलेली नव्हती.

"शिकवणारे कोण?" त्यांनी विचारलं. सगळ्या मंडळाने माझ्याकडे बोट दाखवलं. गाताना ही एकजूट कधी दिसत नाही.

काय करणार? मी म्हणालो, "हात वर. श्वास घ्या. सोडताना 'आ' म्हणा." बाई दर बुधवारी हेच करून घेतात, दुसरं मला काहीच येत नव्हतं. मावशींनी 'आ' केलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. पोस्टातल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. असा आवाज आमच्या मंडळात आजवर आलाच नव्हता.

"बरं वाटतंय," मावशी म्हणाल्या. "गुडघ्यांचं कधी घेणार?"

त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी चटई गुंडाळली आणि पहिल्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. सगळं सुरळीत चाललं असतं, पण तेवढ्यात कारकून पाहणीला आला. त्याची पावलं जिन्यात ऐकून मी ओरडलो, "वाका!" सगळं मंडळ गात गात वाकलं. दाखवायला मीही वाकलो. बाकीचे सरळ झाले. मी झालो नाही. मला तसाच काटकोनात जिन्यावरून खाली उतरवताना कारकून मावशींना म्हणत होता, "शिकवणारे स्वतः मेहनत घेतात हे विशेष आहे."

पाठ सरळ होईपर्यंत सराव आमच्या घरी हलवावा लागला. सोफा उभा करून ठेवला, जेवणाचं टेबल आतल्या खोलीत गेलं, आणि मंडळ मोरीच्या दारापर्यंत उभं राहिलं. पहिल्याच ओळीला वरचे दातांचे डॉक्टर खाली आले. मला वाटलं, तक्रार असणार. पण तक्रार परवडली असती.

"तुम्ही सगळे दातावर दात ठेवून गाताय," ते म्हणाले. "आवाज बाहेर येणार कुठून? उघडा. आणखी उघडा." मग त्यांनी खिशातला छोटा दिवा काढला, आणि त्या दिवशी आमचं गाणं झालं नाही, तपासणी झाली. तिकीट तपासनिसांची एक दाढ जाणार असं ठरलं.

खरी पंचाईत पुढेच होती. घरात पियानो नाही. सुरुवातीचा सूर कुणी द्यायचा? जो तो आपापल्या घरून सूर घेऊन आला होता आणि कुणी कुणाचा घेईना. ही ओढाताण चालू असताना उशिरा आलेल्या कुणीतरी दाराची बेल दाबली. टिंग, टाँग.

"थांबा!" बायको ओरडली. "तो टाँग! आपला पहिला सूर तोच आहे!"

खरोखर तोच होता. मग ठरूनच गेलं. मी हात वर करायचा, एकाने बाहेर जाऊन बेल दाबायची, आणि 'टाँग'वर आम्ही सुरू व्हायचं. फक्त डॉक्टरांची बेलही त्याच दुकानातली, त्याच आवाजाची निघाली. आमची वाजली की पेशंट आला समजून ते बिचारे वर दार उघडायचे. चौथ्या-पाचव्यांदा त्यांनी दार उघडलं ते मिटलंच नाही. तिथे उभं राहून ते जे बोलले, त्यासाठी त्यांनी जबडा पुरेसा उघडला होता.

सूर मिळाला तरी माझी गाडी दुसऱ्या ओळीत रुळावरून घसरायची. हात हलवता हलवता मी गातही होतो, आणि दर वेळी भलतीकडेच जाऊन पोचायचो. शेवटी मी चिडून म्हणालो, "नवल आहे! सभागृहात मी कधी चुकत नाही."

पोस्टातल्या दोघी खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"अहो," बायको म्हणाली, आणि ती इतक्या मऊ आवाजात बोलली की मला भीतीच वाटली, "तिथे मास्तर तुम्हाला तुमचा सूर वाजवून देतात. डाव्या हाताच्या करंगळीनं. प्रत्येक ओळीच्या आधी."

"सगळ्यांना देत असतील."

"नाही हो. फक्त तुम्हाला."

"हे किती जणांना माहीत आहे?"

"मंडळाला माहीत आहे," औषधवाला म्हणाला. "पहिल्या रांगेतल्या श्रोत्यांनाही असावं."

मी आत जाऊन पाणी प्यायलो. आधी कानशिलं तापली. घरचे, दारचे, सगळे मनात हसत होते तर! मग पेला हातात धरून तसाच उभा राहिलो, आणि हळूहळू भलतंच काही वाटायला लागलं. इतकी वर्षं एक माणूस दोन्ही हातांनी सगळं मंडळ सांभाळत होता आणि त्यातली एक करंगळी माझ्यासाठी राखून ठेवत होता. मला एका शब्दाने कळू दिलं नाही, दुसऱ्या कुणापाशी त्यावरून विनोद केला नाही. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं मला आठवेना. बाहेर येऊन मी म्हणालो, "हे गाणं झालंच पाहिजे."

कार्यक्रमाच्या आदल्या सरावाला औषधवाल्याचा चेहरा पडला होता. "मला एक शंका आहे," तो म्हणाला. "आपण बाईंशिवाय गाणार. ते छान झालं, तर त्या म्हणतील, बघा, मी म्हणत नव्हते? आणि सरळ घरी जातील."

इतक्या उठाठेवी केल्या त्या बाईंना निरोप द्यायलाच की काय? तिकीट तपासनीस म्हणाले, "मग मुद्दाम वाईट गायचं का?"

माझ्या बायकोने मंडळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मुद्दाम?" ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी घरून निघताना भिंतीवरची बेल काढून कोटाच्या खिशात घातली, बटणासकट. सभागृह भरलेलं होतं. बाईंच्या हातांखाली आणि मास्तरांच्या बोटांवर सगळी गाणी उत्तम झाली. मधल्या एका गंभीर गाण्यात मी जरा हललो आणि खिशातून 'टिंग' आलं, तेवढं सोडून. मास्तरांनी गाडीतल्या सवयीने समोर कुठला धोक्याचा दिवा पेटलाय का ते बघितलं. बाईंनी ती चूक माझीच असणार असं धरून माझ्याकडे बघितलं.

शेवटी मी पुढे झालो. बाईंना आणि मास्तरांना विनंती करून खाली पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. दोघं अवघडून बसले. बाईंना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी म्हणालो, "हे गाणं आम्ही तुमच्यासाठी बसवलं आहे. तुमच्याशिवाय." मग पाठ फिरवली, मंडळाकडे तोंड केलं, एक हात वर केला आणि दुसऱ्याने खिशातली बेल दाबली.

इतक्या सरावांत दाबून दाबून तिची बॅटरी उतरली होती. 'टिंग' आलंच नाही. नुसता एक लांबलचक, खोल, विहिरीतून यावा तसा 'टाँऽऽग' आला.

आणि मंडळाने सवयीने तोच सूर धरला! पुरुष पार तळघरात गेले. बायकांना तिथे जाताच येईना, म्हणून त्या मध्येच एका पायरीवर थांबल्या. मावशींनी खाली जायला साफ नकार दिला आणि आपल्या जुन्या जागेवरून खणखणीत सुरू केलं. 'हात तुमचा वर गेला' तीन ठिकाणांहून आलं. मी हात हलवत होतो, बायको म्हणते, तारेवरचे कपडे भरभर काढावेत तसा. 'श्वास आमचा लांबला'ला खरंच लांबला, आणि त्यानंतर कुणी गाईचना. सगळं थांबलं.

बाई गेल्या, मास्तर गेले, बुधवार गेले, आता घरी जाऊन पुन्हा "दूध आणलं?" विचारायचं, एवढंच मनात आलं. मी डोळे मिटून पुन्हा हात वर केला, कारण तो खाली कसा आणायचा ते मला सुचत नव्हतं.

कुठेतरी खुर्ची सरकली. पियानोवर एक सूर आला, हळूच. मागोमाग त्याच्या खाली आणखी एक, जाड, ओळखीचा. करंगळीचा.

आणि मंडळ गायला लागलं. काय गायलं म्हणून सांगू! माझ्या हाताबरोबर श्वास घेतला, हाताबरोबर सोडला. मी डावीकडे बघितलं, बायका उमलून आल्या. खाली केला हात, पुरुष हळू झाले. मला वाटलं, अरे, हे येतंय मला! आत इतकी वर्षं दडून होतं! दुसऱ्या कडव्यापर्यंत मी पुरता हवेत होतो. मग एक बारीकशी गोष्ट खटकली. सगळे समोर बघत होते, पण माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या कानावरून पलीकडे जात होती.

मी वळून बघितलं. पहिल्या रांगेत बाई उभ्या होत्या. दोन्ही हात वर, गालांवरून पाणी वाहतंय, आणि स्वतःच्या आभाराचं गाणं स्वतःच चालवतायत. मला बघून त्यांनी भुवईने खूण केली, बाजूला व्हा. मी बाजूला झालो आणि मागच्या रांगेत माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. तिथे उभं राहून इतकं हलकं वाटलं, की काय सांगू.

'एकट्याचा आवाज ज्याच्या त्याच्या घरी राहिला,
तुम्ही हाक दिलीत आणि सगळ्यांमध्ये आला.'

या शेवटच्या ओळीला माझ्या बायकोचा आवाज फुटला. माझा आधीच फुटला होता, पण तो कुणाला वेगळा ओळखू येत नाही.

टाळ्या थांबल्यावर बाई मंचावर आल्या. डोळे पुसले, नाक पुसलं. आम्ही श्वास रोखून उभे होतो.

"पहिल्या ओळीत श्वास घ्यायला कुठे जागाच ठेवलेली नाही," त्या म्हणाल्या. "हे कुणी बसवलं?"

सगळ्या मंडळाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि सूर कशावर घेतलात?"

मी खिशातून बेल काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बटण दाबलं. तिने शेवटचा आचका दिला. बाई हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना मास्तरांचा खांदा धरावा लागला.

"मी जिन्यातून ऐकलं तेव्हा मला वाटलं, तुम्हाला सगळं येतं," त्या म्हणाल्या. "बुधवारी हेच गाणं घेऊ. अगदी पहिल्यापासून. वेळेवर या."

"बाई, माझा विचार कुणी घेणार आहे का?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही धावत होतात," बाई म्हणाल्या. "तेही बघू बुधवारी."

बुधवारी आम्ही वेळेआधीच हजर होतो. मावशी चटई घरी ठेवून आल्या होत्या. डॉक्टरही जिन्यात सापडले. कुणाची तरी दाढ बघायला आलो म्हणाले, आणि मागच्या रांगेत माझ्या शेजारी जबडा उघडून उभे राहिले. बाईंनी हात वर केला, एकेकाला बघून घेतलं, श्वास घेतला. तेवढ्यात पियानोच्या डाव्या टोकाला तो जाड सूर वाजला. इतकी वर्षं दर बुधवारी वाजत असेल, पण बुधवारी तो मला पहिल्यांदाच ऐकू आला. मला राहवेना. मी मास्तरांकडे वळलो आणि हात छातीवर ठेवून मान लववली.

मास्तरांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"समोर बघा," ते म्हणाले.